जुलैचा हिशोब, आणि मोठ्याने वाचलेलं 'वाचलं' धरायचं का?

विक्रोळीची स्लो | ३१ जुलै, रात्री ११.२०

जुलै संपायला चाळीस मिनिटं उरली आहेत आणि माझी यादी कोरी आहे.

एक तारखेला मोठ्या तोऱ्यात ठरवलं होतं. तीन पुस्तकं वाचायची, रोज पाऊण पान का होईना रोजनिशी लिहायची आणि दिवाळी अंकासाठी कथा एकतीसच्या आत पाठवायची. रोजनिशी पाच तारखेला आटोपली. कथा साडेसातशे शब्दांवर फतकल मारून बसली आहे. तीन पुस्तकांतल्या दोनांना मी हातही लावला नाही आणि तिसरं भिजवून ठेवलं. तेही वाचनालयाचं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पण महिना गेला कुठे ते आधी सांगते, नाहीतर प्रश्न कळायचे नाहीत.

रोजनिशी नाही म्हटल्यावर आठवायला आधार काय? म्हणून मघाशी भांडी आवरल्यावर ओट्याशेजारचं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि घेऊन बसले. आमचा दुधाचा हिशोब त्याच्यावर असतो. १॥, १॥, १, खाडा, १॥. सगळं माझं अक्षर. मावशींचे खाडे लाल पेनाने, ते ह्या महिन्यात तीनच (त्यांच्या मानाने कमी). ३ तारखेला नुसतं 'ऑप.', आणि तिथून पुढे प्रत्येक चौकोनाच्या खालच्या कडेला बारीक रेघा, आधी सहा-सहा, मग पाच, मग चार. ११ला 'सिलिंडर'. १८ला 'तुळशी'. २३ला 'कुर्ला', त्याला गोल. आणि २४पासून दुधाच्या आकड्याखाली आणखी एक आकडा सुरू होतो: ६१, ६६, ७०. क्षणभर मलाच कळेना हे काय लिटर आहेत.

तर 'ऑप.' म्हणजे सासूबाईंचं मोतीबिंदूचं. उजवा डोळा. ऑपरेशन अर्ध्या तासात झालं, पुढचा महिना थेंबांचा. एक रेघ म्हणजे एकदा थेंब घातले. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही. हे सगळं त्यांनी मुकाट ऐकून घेतलं. जुन्या चष्म्याचा आता उपयोग नाही आणि नवा नंबर महिन्याने मिळेल, म्हणजे तोवर पेपर वाचता यायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मात्र चेहरा उतरला. त्या पेपर मथळ्यापासून निधनवार्तेपर्यंत वाचतात. एकादशीला वडाळ्याच्या विठोबाला जायचं नाही म्हटलं तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं त्यांना.

मग पेपर माझ्याकडे आला. सकाळी पावणेसातला, एका हाताने पोळ्या. सुरुवात कशाने, तर तलावांच्या पातळीने. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सात नावं मला आता शुभंकरोतीसारखी पाठ झाली आहेत. मुंबईला निम्मं पाणी भातशाचं येतं, पण सासूबाईंचा जीव तुळशीवर, कारण तो सगळ्यात चिमुकला आणि लवकर भरतो. तो ओसंडल्याची बातमी आली त्या दिवशी मला पीठाच्या हाताने पेन घ्यायला लावून कालनिर्णयावर लिहून घेतलं. १८ जुलै, तुळशी. पिठाचं बोट अजून आहे तिथे.

आता पुस्तक. वाचनालयातून मी गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' आणलं होतं. १८६३ सालचं पुस्तक, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन दहा वर्षं झाली होती तेव्हाचं. मी मशीद बंदरला एका आडत्याकडे हिशोब लिहिते, रोज त्याच मार्गावरून जाते-येते, तेव्हा म्हटलं गाडीत वाचू. पण विक्रोळीला चढून बसायला मिळालंच तर चौथी सीट. चौथ्या सीटवर पुस्तक उघडून दाखवा! अर्धं अंग बाहेर, समोर उभी असलेलीचं ढोपर पोटात, आणि माडगावकरांच्या काळची लांबच लांब वाक्यं. कुर्ल्याला सुरू केलेलं वाक्य माटुंग्याला पुन्हा पहिल्यापासून. चार दिवसांत अकरा पानं झाली.

एका रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरात खाली बसून तेच वाक्य जरा पुटपुटत वाचत होते, अर्थ लागावा म्हणून. आतून आवाज आला, "गो, मोठ्यान वाच. माका आयकाक येवदे."

तिथून ते सुरू झालं. रोज नऊ ते दहा. आणि वेग सांगू? तासाला साधारण पाच पानं, कधी चार. कारण त्या दर परिच्छेदाला अडवतात.

जुन्या मुंबईतल्या तळ्यांचं आलं. धोबीतलाव, गोवालिया टँक, सीपी टँक, दोन टाकी, ही नावं आपण बसच्या पाट्यांवर वाचतो, पण ती खरोखरची तळी होती आणि लोक तिथलं पाणी भरत. सासूबाई लालबागच्या चाळीत वाढल्या आहेत. त्या म्हणाल्या, धोबीतलाव म्हणजे मेट्रो सिनेमा, तिथे मी चूळ भरण्यापुरतंसुद्धा पाणी पाहिलं नाही. "मगे तळा खंय गेला?" म्हटलं, आई, बुजवली ती. थोडा वेळ गप्प. मग, "म्हणजे नाव ठेवल्यानी आणि पाणी नेल्यानी."

विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं ते १८६०ला, पुस्तकाच्या अवघी तीन वर्षं आधी. हे सांगितलं आणि पुस्तक मिटावंच लागलं, कारण पुढचा पाऊण तास चाळीच्या नळाचा झाला. पहाटे चारला पाणी. रांगेत माणसं उभी राहायची नाहीत, डबे उभे राहायचे. ह्यांचा डबा डालड्याचा, कडीला लाल दोरी. वडील गिरणीत साचेखात्यात, पहिल्या पाळीला, म्हणून घरातलं पाणी साडेपाचच्या आत भरून व्हायला हवं. नऊ वर्षांच्या सासूबाईंची नेमणूक डब्यावर. झोपायचं नाही, डब्यावर नजर. एकदा भिंतीला टेकून डुलकी लागली आणि उठून बघतात तर डबा चौथ्यावरून अकराव्यावर. कोणी सरकवला ते त्यांना साठ वर्षांनंतरही माहीत आहे. नाव मला सांगितलं. तुम्हाला सांगणार नाही, त्या बाईंची सून आमच्याच कॉलनीत राहते.

२३ तारखेला संध्याकाळी शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये गाडी थांबली ती थांबलीच. रुळांवर पाणी. दीड तासाने खाली उतरलो, गुडघाभर पाण्यातून कुर्ला गाठलं, पूर्वेला नेहरूनगरातून हायवेला आले आणि मिळाली त्या बसने कन्नमवार नगर. अकरा वाजले. पुस्तक मी पिशवीत घातलं होतं हो, पण ती पिशवी कोथिंबिरीची, तिला हवेसाठी भोकं असतात हे घरी आल्यावर लक्षात आलं. डबा कोरडा, पुस्तक चिंब. खुणेचा कागद लगदा झाला, म्हणून दुसऱ्या दिवसापासून पान नंबर कालनिर्णयावर. ते लिटर नव्हेत, पानं. आज ९७.

लेकीने केसांचा ड्रायर फिरवला. पानं आता पापडासारखी तरंगलेली, पुठ्ठा एका बाजूने सुटलाय, वास येतो. तरी आम्ही वाचतोय.

तर प्रश्न. एक, तीनाऐवजी एकच अर्धवट पुस्तक, तेही दुसऱ्याला वाचून दाखवलेलं, मध्ये सतरा वेळा थांबलेलं. हे जुलैच्या यादीत घालायचं की नाही? दोन, त्या पुस्तकाचं आता काय करू? इस्त्री फिरवावी असं शेजारीण म्हणते.

कथेबद्दल कोणी विचारू नका. माझा नायक लग्नाच्या पंगतीचा आचारी आहे आणि मी लिहिते गाडीत मोबाइलवर. मोबाइल प्रत्येक वेळी 'आचाऱ्यांनी'चं 'आचार्यांनी' करतो. 'आचार्यांनी कांदा चिरायला घेतला' वाचलं आणि माझा उत्साहच गेला.

आकडेमोड | १ ऑगस्ट, सकाळी ८.०५

ताई, नियम सोपा आहे. शेवटचं पान उलटलं की एक. त्याआधी शून्य. मोठ्याने वाचा, मनात वाचा, उलटं टांगून वाचा. तुमचा जुलै शून्य, माझा जुलै सात.

कडक वाटेल, पण ही शिस्त सोडली की काय होतं ते मला विचारा. माझ्या तक्त्यात 'अर्धवट' नावाचा रकाना आहे, तो मी बायकोलाही दाखवत नाही. त्यात आज ३१ पुस्तकं आहेत. एक २०१४पासून आहे.

कथा मात्र सोडू नका. संपादकाला फोन करून आठ दिवस मागा. जुलैअखेरची तारीख ही बहुधा आळशांना घाबरवायला असते.

खळ आणि पुठ्ठा | १ ऑगस्ट, सकाळी ९.४०

इस्त्री नको! शेजारणीला माझा नमस्कार सांगा आणि इस्त्री तिच्याच घरी राहू द्या.

मी गिरगावात बायंडिंगच्या कारखान्यात तेहतीस वर्षं काढली. दर पावसाळ्यात अशी पुस्तकं यायची, वकिलांची तर पोत्याने. ड्रायरने काय होतं, पान वरून सुकतं आणि शिवणीपाशी ओलंच राहतं. दोन्हीकडची ओढ वेगळी, म्हणून ते तरंग येतात. एकदा आले की पुरते जात नाहीत, कमी होतात.

पुढच्या वेळेसाठी (विक्रोळीला राहता आणि मशीद बंदरला जाता म्हणजे पुढची वेळ येणारच) लक्षात ठेवा. पुस्तक भिजलं की लगेच पानं चाळायची नाहीत. ओला कागद हाताने फाटतो आणि आपल्याला कळतही नाही. आधी मिटलेलंच दोन्ही तळव्यांत हलकं दाबून पाणी निथळू द्या. मग वीस-पंचवीस पानांमागे एक टीपकागद घाला. टीपकागद आता कुठे मिळतो म्हणाल, तर कोरा, न छापलेला पेपरचा कागद चालेल. छापील रद्दी नको, शाई उतरते. कागद ओला झाला की बदलत राहायचं, पहिल्या दिवशी तासा-दोन तासांनी. मग पुस्तक उभं करायचं, पानं जरा फाकवून, आणि पंखा लांबून. उन्हात ठेवायचं नाही. ऊन लागलं की कागद कडक होतो आणि पुठ्ठा केळीच्या सालीसारखा वळतो. चकचकीत कागदावरची चित्रं असली तर ती पानं ओली असतानाच सुटी करा, वाळली की एकमेकांना अशी चिकटतात की ब्रह्मदेव आला तरी निघायची नाहीत.

आपल्या पावसाळी हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात जमणार नसेल तर पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाकायचं, कुजणं थांबतं, सवड झाली की काढून सुकवायचं. मोठ्या ग्रंथालयांत पूर आला की हेच करतात. आमच्या कारखान्यात फ्रीजर सोडा, माठाचं पाणीसुद्धा दुपारी संपायचं.

आता तुमच्या पुस्तकाचं. वास येतोय म्हणजे बुरशी बसली आहे. बाल्कनीत न्या, तोंडाला रुमाल बांधा आणि मऊ कोरड्या ब्रशने पानांच्या कडा झाडा. आजींच्या खोलीत हे करू नका, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मग दोन सपाट फळ्यांच्या मध्ये दाबून ठेवा, वर पाटा ठेवा. वरवंटा नको, पाटा. आठ दिवस हलवू नका. तुम्ही रोज रात्री वाचणार असाल तर दिवसा दाबा, काय करणार.

पुठ्ठा सुटला त्याची काळजी नाही. आधी एक बघा. पुस्तकाच्या माथ्याकडून कण्याकडे पाहा, पानांचे छोटे छोटे गठ्ठे दिसतात का? ते फर्मे. सोळा पानांचा फर्मा असला तर आठव्या आणि नवव्या पानाच्या मध्ये दोरा दिसेल. दोरा दिसला तर पुस्तक जिवंत आहे, नवा पुठ्ठा चढेल. नुसत्या गोंदावर उभं असलं तर पानं सुटायला लागतील, मग ते वाचता वाचता गळेल. घरातला पांढरा गोंद लावायला जाऊ नका, तो वाळला की कणा लाकडासारखा होतो आणि पुढच्या बायंडरला शिव्या द्याव्या लागतात. मी दिल्या आहेत.

आणि वाचनालयाला सांगा. लपवून परत ठेवू नका. सांगणाऱ्याला कोणी खात नाही.

'आकडेमोड' यांना एक. तारखेचं तुम्ही म्हणता ते निम्मं खरं. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ला पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मजकूर उशिरा देणं ही लेखकांची परंपरा आहे, पण त्याचं रात्रपाळीत काय व्हायचं ते आम्हाला विचारा. वसुबारसेला फर्मे शिवून हात सोललेले असायचे.

ठाकूरद्वार | १ ऑगस्ट, दुपारी ३.१५

मला गंमत वाटते आहे की हा प्रश्न मराठी माणसाला पडावा.

अहो, आषाढी एकादशीला चातुर्मास लागला. आमच्या चाळीत चातुर्मासात पोथी लावायचे. हरिविजय किंवा पांडवप्रताप. खालच्या मजल्यावरचे एक काका वाचायचे, एक अध्याय, कधी अर्धा, आणि भोवती पंधरा बायका, वाती वळत, शेंगा सोलत. मध्येच कोणी म्हणायचं, काका थांबा, पूतनेचं परत वाचा. काका परत वाचायचे. कार्तिकी एकादशीला समाप्ती, शिरा. त्यातल्या निम्म्या बायकांना अक्षरओळख नव्हती. पण "ह्या वर्षी आमचा हरिविजय झाला" असं त्या सगळ्या म्हणायच्या आणि कोणी त्यांना विचारलं नाही की पानं कोणी उलटली.

तुम्ही माडगावकर लावलेत. एवढंच झालंय. कार्तिकीपर्यंत वेळ आहे.

मला वाटतं यादीत तुम्ही एकट्या नावाने घालू नका मात्र. सासूबाईंच्या नावानेही अर्धं जमा करा. डब्याची गोष्ट त्या पुस्तकात नाही, ती त्यांनी घातली.

(कोणी सरकवला होता? आमच्याही चाळीत एक होत्या.)

आकडेमोड | १ ऑगस्ट, दुपारी ३.४०

पोथीचा मुद्दा मान्य नाही. पोथीलाही समाप्ती आहेच की. शिरा शेवटच्या अध्यायानंतरच मिळतो.

ठाकूरद्वार | १ ऑगस्ट, दुपारी ३.५२

प्रसाद रोज असायचा. साखरफुटाणे.

जोडाक्षर | १ ऑगस्ट, संध्याकाळी ७.३०

तुमच्या आचाऱ्याला त्याचं स्वयंपाकघर परत मिळवून देतो. मोबाइलचा सरळ देवनागरी कळफलक घ्या, इंग्रजी अक्षरांतून मराठी करणारा नको. त्यात साधा र सोडून खाली टिंब असलेला ऱ शोधा (बऱ्याचदा र दाबून धरला की वर येतो). ऱ, मग पाय मोडायचा, मग य. झालं ऱ्य. साध्या र चा पाय मोडलात तर रफार होतो आणि माणूस आचार्य होतो.

हा बारीकसारीक वाद नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरात. उपवासाला वऱ्याचे तांदूळ. 'वार्यावर' असं लिहिलेल्या पाट्या बघून माझा दिवस खराब जातो. एकदा योग्य शब्द लिहिलात की मोबाइल तो लक्षात ठेवतो, चार-पाच दिवस नेटाने करा.

कथा कांद्यापासून पुढे काय होते? आम्हाला उत्सुकता आहे.

विक्रोळीची स्लो | १ ऑगस्ट, रात्री १०.२५

सगळ्यांचे आभार. वाचन आत्ताच संपलं म्हणून उशीर. १०१.

खळ आणि पुठ्ठा काका, दोरा दिसला! आठ आणि नवाच्या मध्ये, अगदी तुम्ही म्हणालात तिथेच, पांढरा, जरासा मळका. मी लेकीला हाक मारून दाखवला. तिला त्यात काय विशेष ते कळलं नाही. पाटा काढला आहे. मिक्सर आल्यापासून तो गॅलरीत कुंड्यांखाली होता, आता पुस्तकावर.

ठाकूरद्वार, तुमचं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. पूतनेवर त्या हसल्या. मग म्हणाल्या, आमच्या चाळीत शिरा नव्हता, गूळखोबरं होतं, आणि वाचणारे काका मधली पानं गाळायचे, पहिल्या पाळीला जायचं म्हणून. अध्याय लवकर संपला की बायकांना संशय यायचा पण पुरावा कोणाकडे नव्हता. तेव्हा आकडेमोड, समाप्ती झाली म्हणजे सगळं वाचलं असं नसतं बरं का.

जोडाक्षर, 'आचाऱ्यांनी'. पाहा, आला. आज मशीदपासून भायखळ्यापर्यंत मी फक्त तेवढंच लिहीत होते. पुढे काय होतं ते मलाही माहीत नाही. मधल्या मधे त्या डालड्याच्या डब्याचं मात्र तीन पानं लिहून झालंय. ती काही कथा नाही. नुसतं त्या बोलल्या तसं उतरवलंय, लाल दोरीसकट. संपादकांना फोन करायचं धाडस झालं नाही, मेसेज केला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

विक्रोळीची स्लो | १२ ऑगस्ट, रात्री ९.५०

वर आणते आहे, कारण दोघा-तिघांनी विचारलं.

पुस्तक घेऊन शनिवारी वाचनालयात गेले. काउंटरवरचे काका चष्मा कपाळावर सारून आधी माझ्याकडे, मग पुस्तकाकडे. मी घाबरून कुर्ला, शीव, गुडघाभर पाणी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी पुस्तक मधोमध उघडलं, दोरा पाहिला आणि म्हणाले, चढेल पुठ्ठा. दीडशे रुपये बांधणीचे. पावतीवर 'जलबाधित' असं लिहून दिलं, ती मी जपून ठेवणार आहे. दुसरी प्रत त्यांच्याकडे नाही. बांधून यायला तीन आठवडे.

म्हणजे आमचे माडगावकर १३८व्या पानावर अडकले. त्याच आठवड्यात सासूबाईंचा नवा नंबर मिळाला, काल चष्मा आला. आल्या आल्या त्यांनी आधी पेपर घेतला, तलावांची पातळी स्वतः वाचली आणि मला विचारलं की गेला महिनाभर मी मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणाची अदलाबदल का करत होते. मी करत होते का? असेन. पोळी करपायची घाई असते त्या वेळेला.

रात्री नऊ वाजले आणि काही सुचेना. मी गवार निवडायला घेतली. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढलं. १९७३ला ते निघालं, सासूबाईंचं लग्न त्याच्या दोन वर्षांनी, तेव्हापासून ह्या घरात दुसरं कॅलेंडर टांगलेलं नाही. पण मागची पानं कधी वाचली नव्हती म्हणे, कारण महिना संपल्याशिवाय पान उलटायचं नाही आणि संपला की रद्दीत. ऑगस्टचं पान उलटं केलं, नवा चष्मा नाकावर नीट बसवला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. लेख, मग पाककृती, मग परत लेख. एका सुरात, विहार-तुळशीच्या चालीत.

आज पाहिलं तर कालच्या चौकोनात दुधाच्या १॥खाली त्यांच्या अक्षरात 'मागचं पान' असं लिहिलंय.

आत्ताही वाचताहेत. मी मध्येच विचारलं, आई, ह्यात नारळ खवलेला घ्यायचा की वाटलेला?

"गप रव. आयक."